उजवीकडची शेपटी

रतिलाल वायकोळे यांना धड विमानं आवडत नसत. त्यांच्या उभ्या आयुष्यात तेवढी एकच वाकडी गोष्ट होती. बाकी माणूस फूटपट्टीसारखा सरळ. जळगावला पाटबंधारे खात्यात ते अनुरेखक होते. अनुरेखक म्हणजे इंजिनियरनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्याच रेघा पुन्हा ओढणारा माणूस. इंजिनियरनं कालवा टेकडीवर चढवला तर अनुरेखकानंही तो निमूटपणे चढवायचा असतो. दुसऱ्यांच्या चुका सुबक अक्षरात उतरवून काढण्यात त्यांची अर्धी नोकरी झाली होती, आणि खात्यात त्यांना कुणी कधी शाबासकी दिली नव्हती की शिवी. शिवी द्यायलाही आधी माणूस दिसावा लागतो.

विमानांचा नाद त्यांना रद्दीतून लागला. रद्दीवाल्याकडे एकदा परदेशी मासिकांचा गठ्ठा आला होता. त्यात सगळ्या जगाला ठाऊक असलेली विमानं होतीच, पण रतिलालचं मन बसलं ते भलत्यांवर. एक विमान म्हणजे नुसता पंखच होता, अंग नव्हतंच. एकाचं इंजिन मागे आणि शेपटी पुढे. अशी विमानं दोन-चारच बनली, मग कुठल्याशा समितीनं त्यांच्यावर नापसंतीचा शेरा मारला आणि ती मोडीत निघाली. रतिलालना ती सख्ख्या नात्यातली वाटत.

त्यातही एक फार जवळचं. ब्लोम उंड फॉस एकशेएक्केचाळीस. जर्मन, महायुद्धातलं, टेहळणीचं. त्याचं धड आणि इंजिन डावीकडे, माणसं बसायची काचेची खोली उजव्या पंखावर वेगळीच, आणि मागे आडवी शेपटी फक्त डाव्या बाजूला. उजवीकडची जवळजवळ कापूनच टाकलेली, म्हणजे मागे तोंड करून बसलेल्या बंदूकवाल्याला आकाश मोकळं दिसावं. बघणाऱ्याला वाटावं, दोन विमानांची टक्कर झाली आणि जे उरलं ते उडत राहिलं. पण ते उडायचं, आणि चांगलं उडायचं. त्याच्या वाकडेपणाला हिशेब होता. रतिलालच्या ऑफिसात सरळ कालव्यांनासुद्धा नसायचा.

आजवर ते पुठ्ठ्याची आणि खोक्याच्या फळ्यांची विमानं करत. पण १९८९ साली त्यांचे मेहुणे जीवराम, म्हणजे सुनंदाबाईंचे धाकटे भाऊ, रंगाच्या कंपनीतर्फे सहा महिने पश्चिम जर्मनीला गेले. जाताना त्यांनी बहिणीला विचारलं, "ताई, काय आणू?" ताईनं सेंट आणि मिक्सर सांगितला. मग त्यांनी सौजन्य म्हणून भाऊजींनाही विचारलं. सौजन्य म्हणून विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं नसतं, हे रतिलालना कळायला हवं होतं. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर विमानाचं नाव, प्रमाण आणि रेझिनचे मॉडेल-किट असं मासिकातून उतरवलेल्या जर्मनमध्ये लिहिलेलं होतं.

जीवराम बिचारा सरळ माणूस. त्यानं ते किट शोधून काढलं. तिकडे कुणी हौशी माणूस घरच्या घरी साच्यात रेझिन, म्हणजे थिजून घट्ट होणारं प्लास्टिक, ओतून असली जोडायच्या सुट्या भागांची किटं बनवायचा. सामानात मिक्सर बसल्यामुळे विमान बसेना, म्हणून जीवरामनं ते पोस्टानं धाडलं आणि वरच्या चिठ्ठीवर प्रामाणिकपणे लिहिलं: 'रेझिन, हाताने केलेले, वजन अमुक.'

इथून रतिलालचे ग्रह फिरले.

वाटेत कुठल्या तरी टेबलावर कुठल्या तरी दक्ष माणसानं रेझिन शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहिला. अर्थ निघाला राळ. त्या माणसाला हेही ठाऊक होतं की गांज्याच्या झाडाची राळ म्हणजे चरस. परदेशातून जळगावला, एका सरकारी नोकराच्या नावावर, घरी केलेली राळ! दक्षता म्हणतात ती हीच.

एके दिवशी सकाळी पिंप्राळ्याच्या रस्त्याकडच्या त्यांच्या भाड्याच्या घरासमोर सायकल थांबली. वर हवालदार पुना. तो मूळचा शिंदखेड्याकडचा, त्यामुळे कायदासुद्धा अहिराणीतच बोलायचा.

"वायकोळे भाऊ तुम्हीच शेतस का?"

"हो. काय काम काढलं?"

"तुमना नाववर राळ येल शे. परदेशथून. साहेबनी तुम्हले बलावेल शे."

'राळ' हा शब्द त्यानं असा काही खणखणीत उच्चारला की समोरच्या तिन्ही घरांची दारं उघडली. रतिलाल समजावू लागले की ते विमान आहे. पुनानं वर आभाळाकडे पाहिलं, मग रतिलालकडे पाहिलं आणि समजूतदारपणे म्हणाला, "ते बठ्ठं माले सांगू नका भाऊ. साहेबले सांगा."

ठाण्यावर पंच म्हणून शेजारचेच दोघे नेले. एक उखर्डू आबा, कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून सगळ्या आळीचे सल्लागार. दुसरे रुपचंद, दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवणारे कारागीर. फौजदारांनी खोकं फोडलं. आत प्लास्टिकच्या पिशव्यांत साईच्या रंगाचे तुकडे. फौजदारांनी एक हुंगला, आबांनी हुंगला, शेवटी पुनानंही हुंगला.

"वास तर येत नाही," फौजदार म्हणाले.

"उंची माल असंल," आबा म्हणाले. ते रतिलालच्या बाजूचे पंच होते.

शेवटी नमुना जाळून पाहायचं ठरलं. रतिलालनी डोळे मिटले. जळकट प्लास्टिकचा वास सुटला, सगळे खोकले आणि चरसाची शंका फिटली. घरी आल्यावर रतिलालनी तुकडे मोजले, तर जळाला होता तो ओतताना उरलेला फाजील ठोकळा, जो कापून फेकायचाच असतो. एवढ्या तुकड्यांतून नेमका निरुपयोगी भाग निवडणारं सरकारी खातं त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं.

पण अब्रूचं काय? आळीत बातमी आधीच फिरली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाच्या वेळी दोघे-तिघे शिपाई त्यांच्याकडे आदरानं पाहू लागले. इतक्या वर्षांत प्रथमच रतिलाल कुणाला तरी दिसले होते, आणि ते चरसामुळे.

मग काम सुरू झालं. रेझिन हा मोठा मानी पदार्थ आहे. त्यात हवेचे बारीक फुगे राहतात, ते एकेक कोरून भरावे लागतात. तिथे रुपचंद उपयोगी पडले. ते संध्याकाळी दवाखान्यातली बारीक सुई आणि दातात भरायचं सिमेंट घेऊन येत आणि विमानाची कीड काढत. "रतीभाऊ, तोंड उघडावं नाही लागत, हे पेशंट बरं," म्हणत.

मग जळगावचा उन्हाळा आला. लोखंडी कपाटावर ठेवलेला पंख एके दुपारी तळलेल्या पापडासारखा वळला. रतिलालनी तो कढत पाण्यात बुडवला, हातानं सरळ केला आणि पाट्याखाली दाबून ठेवला.

"चटणी कशात वाटू?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"आजच्या दिवस बिनचटणीचं जेवू."

"तुमच्या विमानात बसून जाऊ का हाटेलात?"

सुनंदाबाई तशा वाईट नव्हत्या. नवरा पितो, जुगार खेळतो असं असतं तर त्यांना चार बायकांत बसून रडता आलं असतं. पण नवरा विमानाला पॉलिशपेपर घासतो, हे कुणाजवळ रडणार?

हळूहळू विमान जोडून उभं राहिलं. आणि आळीनं ते पाहिलं.

उखर्डू आबांनी चष्मा पुसला, विमानाभोवती प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला, "रती, हे तं लंगडं हाये रे भो."

"आबा, ते तसंच असतं."

"तसं कसं असंल? देवानं पाखराले बी दोन्ही बाजू सारख्या देल्या. पाय बरं, इकडची शेपटी कुठी गेली?"

"या विमानाला उजवीकडची शेपटी नाहीच."

आबा त्यांच्याकडे दयेनं पाहत राहिले. मग खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, "ठाण्यात जाळली ती शेपटीच होती. मी पंच होतो, मले सांगू नको. तू अर्ज कर. मी साक्ष देतो."

ही एक शाखा झाली. दुसऱ्या शाखेचं मत होतं की पोलीस निर्दोष आहेत, दोष जीवरामचा. त्यानं स्वस्तात मोडका माल घेतला आणि भाऊजींच्या गळ्यात मारला. हळदीकुंकवाला कुणीतरी सुनंदाबाईंना गोड आवाजात विचारलं, "तुमच्या भावानं अर्धंच विमान पाठवलं म्हणे? उरलेलं पुढच्या खेपेला आणतील का?" सुनंदाबाई हसल्या. घरी येऊन त्यांनी वाटीतलं कुंकू इतक्या जोरानं फडताळात ठेवलं की अर्धं सांडलं.

"अहो, त्याला एक शेपटी का बसवत नाही तुम्ही?"

"ते चूक होईल."

"म्हणजे आत्ता आहे ते बरोबर?"

"आत्ता आहे ते अगदी बरोबर."

"एवढी अख्खी आळी चूक, आणि तुम्ही एकटे बरोबर," सुनंदाबाई म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला गेल्या.

रतिलालनी पॉलिशपेपरचा नवा तुकडा फाडला.

विमान तसंच फडताळात राहिलं असतं आणि विसरलंही गेलं असतं. पण त्याच सुमारास धुळ्याला सरकारी कर्मचाऱ्यांचं छंद-प्रदर्शन भरणार होतं आणि प्रत्येक कार्यालयानं निदान एक वस्तू पाठवावी असा वरून आदेश आला. पाटबंधारे खात्यात छंद असलेला माणूस शोधू लागले, तेव्हा चरसवाला आठवला.

रतिलालना आनंद झाला. तो त्यांनी दाखवला नाही, पण त्या दिवशी त्यांनी ओढलेल्या कालव्याच्या रेघेला उगीचच एक डौलदार वळण आलं, ते खोडावं लागलं. धुळ्यात आपल्याला कुणी ओळखत नाही. तिथे हजार माणसं येतील. त्यातल्या एकाला तरी कळेल. एकच पुरे.

कार्यालयीन अधीक्षक झोपे यांनी विमान टेबलावर ठेवून नियमावली काढली.

"नियम सात. वस्तू अखंड आणि परिपूर्ण असावी. वायकोळे, तुमची वस्तू सकृद्दर्शनी भग्न आहे."

"साहेब, ते मुळातच तसं आहे."

"असेल. मग तसा दाखला आणा. सक्षम अधिकाऱ्याचा."

जळगाव जिल्ह्यात विमानाच्या शेपटीबाबत सक्षम अधिकारी कोण, हा प्रश्न इंग्रजांच्या काळापासून कुणाला पडला नव्हता. रतिलाल आधी वाहन नोंदणीच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनानं विमानाला चाकं किती ते विचारलं, तीन ऐकल्यावर रिक्षाची खिडकी दाखवली. तिथून ते परत आले तेव्हा झोपेंनी दया येऊन सवलत दिली: मासिकातल्या चित्राची साक्षांकित प्रत चालेल, सही राजपत्रित अधिकाऱ्याची.

ओळखीचे राजपत्रित अधिकारी एकच निघाले, पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर. ते एका म्हशीच्या मागे उभे होते. त्यांनी हात धुतले, चित्र उलटसुलट पाहिलं. "शेपटीबद्दल मी लिहून देऊ शकतो," ते म्हणाले, "पण जनावराच्या." अखेर चित्राच्या झेरॉक्सवर सही करायला ते राजी झाले. सही केली आणि गोल शिक्का उचलून ठपकन मारला. शिक्का चांगला ताज्या शाईचा होता आणि तो नेमका विमानाच्या शेपटीवर बसला.

झोपेंनी कागद उजेडात धरला. "इथे तर पशुसंवर्धन एवढंच दिसतंय."

"त्याच्याखाली शेपटी आहे साहेब. म्हणजे, नाही."

"आहे की नाही?"

"नाही. तेच तर दाखवायचं होतं."

झोपेंनी उसासा टाकला. "बघा वायकोळे. दुसरी वस्तू नाही म्हणून पाठवतो. तिथे भग्न म्हणून परत केली तर खात्याची नाचक्की. ती तुमच्या नावावर."

रतिलाल घरी आले आणि चहा न पिता कॉटवर पडून राहिले. सुनंदाबाईंनी हळूहळू सगळं काढून घेतलं. वाहन नोंदणी, म्हैस, शिक्का, नाचक्की. एरवी त्या हसल्या असत्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. घासलेली पातेली पुसत म्हणाल्या, "धुळ्याला मीही येते. बांधाबांध माझ्याकडे द्या. तुमच्या हातानं मोडेल."

रतिलालना भरून आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण विमानाच्या बाबतीत ही बाई प्रथमच 'मीही' म्हणाली होती. पुढचे काही दिवस ऑफिसात मार्चअखेरीसारखं काम होतं, ते उशिरा येत आणि विमानाचं खोकं झाकलेलं पाहून समाधानानं झोपत. सुनंदाबाईंनी ते कापसात आणि जुन्या पातळात असं गुंडाळून बांधलं होतं की तान्ह्या बाळालाही कुणी इतकं जपून नेत नाही.

एस.टी.त कंडक्टरनं खोक्याकडे बोट केलं. "यात काय?"

"विमान."

"मग एस.टी.नं कशाला निघाले?" म्हणून सगळी गाडी हसली आणि कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. रतिलालनी खोकं सबंध वाट मांडीवर धरलं होतं. सुनंदाबाई खिडकीतून कपाशीची शेतं पाहत होत्या आणि मधूनच स्वतःशी हसत होत्या.

धुळ्याच्या सभागृहात लांबच लांब टेबलं मांडलेली. लाउडस्पीकर लागलेला. शेजारी शेंगदाण्याच्या टरफलांचं महादेवाचं मंदिर, पलीकडे भरतकामातला मोर. रतिलालनी गाठ सोडली, पातळ उलगडलं, कापूस दूर केला.

विमानाला दोन्ही बाजूंना शेपटी होती.

डावीकडे त्यांची, मूळची. उजवीकडे दुसरी, तंतोतंत तशीच, फक्त आरशात पाहावी तशी उलटी. रंगसुद्धा तोच. सांधा शोधून सापडू नये असा.

त्यांनी सुनंदाबाईंकडे पाहिलं. त्या नव्या पातळाचा पदर खांद्यावर ओढून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की तसा रतिलालनी लग्नातही पाहिला नव्हता.

"रुपचंदभाऊंनी ओतली. कवळीचा मसाला आहे, गुलाबी होता, मग रंग मी दिला. तुमच्याच डबीतला. साचा दाबून धरायला तीन संध्याकाळी जात होते मी. आता म्हणू दे कुणाला भग्न. आणि आमच्या जीवरामचं नावही नाही निघणार." मग आवाज खाली करून त्या म्हणाल्या, "जमलीय ना?"

रतिलालच्या तोंडात बरंच काही आलं. जर्मनीतला कारखाना आला, मागे तोंड करून बसलेला बंदूकवाला आला, त्याचं मोकळं आकाश आलं, जे आता कवळीच्या मसाल्यानं बुजलं होतं. तीन संध्याकाळी. त्यांनी गिळलं.

"जमलीय," ते म्हणाले.

आता तरी ती तोडावी म्हणून त्यांनी हळूच नखानं चाचपून पाहिलं. हलेना. माणसाला भाकरी चावता यावी म्हणून बनवलेला तो मसाला होता. एवढ्यात परीक्षक आले.

तिघे होते. दोघे मोरापाशी रमले. तिसरे उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ सरळ रतिलालच्या टेबलापाशी आले आणि थांबले. छातीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: श्री. देवरे, भारतीय वायुसेना (निवृत्त). ते वाकले. मग आणखी वाकले.

"ब्लोम उंड फॉस," ते म्हणाले.

हे शब्द दुसऱ्या माणसाच्या तोंडून रतिलाल जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. अनोळखी गावात कुणी आपलं घरातलं नाव घेऊन हाक मारावी तसं त्यांना झालं.

"एकशेएक्केचाळीस," ते कसेबसे म्हणाले.

"अरे वा! धुळ्यात हे बघायला मिळेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. काचेची खोली काय सुरेख केलीय! रेझिन आहे ना? फुगे कसे भरलेत?" देवरे लहान मुलासारखे पुढून, बाजूनं, खालून पाहत होते. मग मागे आले. आणि त्यांची बोटं हवेतच थांबली.

"पण हे काय? उजवीकडे शेपटी?"

रतिलालनी बाजूला काढलेला कापूस उगीचच सारखा केला.

"सुरुवातीच्या नमुन्यांना दोन्ही बाजूंनी होती, पण त्यांची खोली निराळी. या बनावटीला उजवीकडची नसते. अहो, तीच तर याची सगळी गंमत! एवढं बारीक काम केलंत, आणि मुख्य गोष्टच चुकलात?"

रतिलालनी मान वळवली. सुनंदाबाई जरा मागे, मंदिराच्या टेबलाशी उभ्या होत्या. लाउडस्पीकर किंचाळत होता, त्यांना शब्द ऐकू येत नव्हते. त्यांना एवढंच दिसत होतं की वायुसेनेचे साहेब सगळं विमान सोडून शेपटीकडेच टक लावून पाहताहेत. त्या हसत होत्या.

"ही कुणाच्या सांगण्यावरून बसवलीत?" देवरेंनी विचारलं.

ज्या एका माणसासाठी रतिलाल धुळ्याला आले होते तो समोर उभा होता. एक वाक्य बोललं असतं तर पुरे होतं. बायकोनं बसवली, मला ठाऊक नव्हतं. एवढंच. देवरे हसले असते, पाठ थोपटली असती, कदाचित घरी चहाला नेलं असतं आणि दोघं संध्याकाळभर नापसंत विमानांवर बोलत बसले असते.

"कुणी नाही," रतिलाल म्हणाले. लाउडस्पीकर आणखी चढला म्हणून त्यांनी ओरडून सांगितलं, "मीच बसवली!"

"अंदाजानं?"

"अंदाजानं."

देवरेंच्या डोळ्यांतलं मूल हळूहळू मोठं झालं, निवृत्त झालं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढे गेले. पहिलं बक्षीस महादेवाच्या मंदिराला मिळालं. रतिलालच्या विमानासमोर एक चिठ्ठी ठेवलेली होती: 'कौशल्य उत्तम. अभ्यास कमी.'

परतीच्या एस.टी.त सुनंदाबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. रतिलालना वाटलं, बक्षीस हुकलं म्हणून वाईट वाटलं असेल. पारोळ्याला गाडी थांबली, शेंगावाले आले, गेले. गाडी सुटल्यावर त्या खिडकीकडेच पाहत म्हणाल्या, "मीच बसवली म्हणालात."

"अं?"

"मी ऐकलं. एवढं ओरडून सांगितलंत, सगळ्या सभागृहानं ऐकलं. तो साहेब किती वेळ शेपटीच बघत होता. एवढ्या विमानात त्याला तेवढीच दिसली. कुणी केली म्हणून त्यानं विचारलं, आणि तुम्ही सरळ सांगता, मीच बसवली?"

"अगं..."

"माझं एक नाव घेतलं असतं तर तुमचं काय जात होतं? मी काही बक्षीस मागत नव्हते. रुपचंदभाऊंचं तरी घ्यायचं." त्यांनी ती चिठ्ठी पर्समधून काढली. "कौशल्य उत्तम. हे शेपटीचं आहे. अभ्यास कमी, हे तुमचं. साहेबाला सगळं कळलं होतं."

रतिलालनी चिठ्ठी हातात घेतली आणि पुन्हा वाचली. असाही तिचा अर्थ होत होता. सुनंदाबाईंच्या अंगठ्याच्या नखात हिरवा रंग अजून अडकलेला होता. खरं काय ते सांगायचं, तर त्या तीन संध्याकाळीच चुकीच्या होत्या हेही सांगावं लागलं असतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"नुसतं म्हणू नका. घरी गेल्यावर सगळ्यांना सांगा."

त्यांनी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ओट्यावर बसून, उखर्डू आबांसमोर, सगळ्या आळीला सांगितलं की शेपटी सुनंदाची आणि रुपचंदभाऊंची, आणि धुळ्याच्या परीक्षकांनी विमानात फक्त तीच पाहिली. यात एकही शब्द खोटा नव्हता. आबा म्हणाले, "मी तं पयलेच सांगतलं होतं." रुपचंदांनी लाजून मान खाली घातली. विमान फडताळातून निघून पुढच्या खोलीत आलं. पाहुणे आले की सुनंदाबाई त्यांना आधी शेपटी दाखवत, मग वेळ असला तर उरलेलं विमान.

रतिलालनी सहा-आठ महिने सोसलं. मग सुनंदाबाई माहेरी यावलला गेल्या असताना एका रविवारी त्यांनी दार लावून घेतलं आणि ब्लेड घेऊन बसले. विमान एकदा, घटकाभर, खरं दिसावं एवढीच इच्छा होती. नंतर पुन्हा चिकटवता आलं असतं. ब्लेड चालेना. त्यांनी विमान डाव्या हातात धरलं, उजव्या हातानं खोटी शेपटी चिमटीत पकडली आणि जोर लावला.

काडकन आवाज झाला. उजवीकडची शेपटी जागेवर होती. डावीकडची, मूळची, जर्मनीतून आलेली, त्यांच्या डाव्या मुठीत तुटून चुरा झाली होती.

संध्याकाळच्या गाडीनं सुनंदाबाई परतल्या तेव्हा ते तसेच विमान पुढ्यात घेऊन बसले होते. त्यांनी विमान पाहिलं, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि आयुष्यात प्रथमच काही टोचून बोलल्या नाहीत. पिशवी खाली ठेवून शेजारी बसल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या,

"एवढं काय मनाला लावून घेता? रुपचंदभाऊंकडे साचा आहे अजून."